रात्रभर लावली तरी सकाळी २३ टक्केच: घरचा ईव्ही चार्जर भरवशाचा करायचा तर

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळी सहाला साताऱ्याहून पुण्याला निघायचं होतं, रात्री गाडी चार्जिंगला लावली आणि निवांत झोपलो, पहाटे चहा घेता घेता फोनवर बघतो तर २३ टक्के. म्हणजे रात्री लावली तेव्हा होती तेवढीच. खाली गेलो तर चार्जरवर लाल दिवा ब्लिंक करतोय. काढला, परत लावला, परत लाल. कस्टमर केअरला फोन केला, त्यांनी तक्रार नंबर दिला आणि इंजिनिअर दोन दिवसांत येईल म्हणाले.

मग आमच्या वायरमन काकांना गाठलं. ते आले, चार्जरकडे ढुंकूनही बघितलं नाही, खिशातून मीटर काढला, एक टोक न्यूट्रलला आणि एक अर्थिंगला. १४ व्होल्ट. म्हणाले, "चार्जर बरा हाय साहेब, अर्थिंग मेलंय तुमचं." घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी उचलली तर आत नुसती कोरडी धूळ आणि एक पाल. दोन बादल्या पाणी ओतलं, परत एक चहा होईपर्यंत थांबलो, मीटर लावला तर ३ व्होल्ट. गाडी लावली, आतून टक्कन आवाज आला आणि हिरवा दिवा. पुण्याला मी दुपारी पोचलो ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून कुणी नवीन गाडी घेऊन विचारलं की "कुठल्या कंपनीचा चार्जर बसवू?" तर मी सांगतो कंपनी सगळ्यात शेवटी ठरव. घरचं चार्जिंग दगा देतं ते बहुतेक वेळा त्या डब्याच्या मागच्या गोष्टींमुळे, म्हणजे अर्थिंग, जोड, वायर, व्होल्टेज. आणि आपण पैसे बरोब्बर उलट्या क्रमाने घालतो, डबा भारीतला आणि वायर घरात उरलेली. म्हणून जो क्रम मला स्वतःला ठेच लागून कळला त्याच क्रमाने खाली लिहितोय.

आधी एवढं समजून घ्या की तो चार्जर नाहीच

भिंतीवर लावतो त्याला आपण चार्जर म्हणतो पण खरा चार्जर गाडीच्या आत असतो, ऑनबोर्ड चार्जर, तो घरच्या एसी करंटचं डीसी करून बॅटरीत घालतो. भिंतीवरचा डबा म्हणजे शहाणा स्विच. त्याच्या आत एक कॉन्टॅक्टर किंवा रिले (म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा स्विच), थोडं सेफ्टीचं सर्किट, आणि गाडीशी बोलायची एक बारीक वायर. टाइप २ गनमध्ये (गन म्हणजे केबलचं गाडीत लागणारं टोक) सात पिना असतात, त्यातली सीपी नावाची पिन या बोलण्यासाठी. गन लावली नसते तेव्हा तिच्यावर १२ व्होल्ट, गाडी लागली की ९, गाडी तयार आहे म्हणाली की ६, आणि मगच तो टक् आवाज येऊन करंट सुरू होतो. किती अँपिअर घ्यायचे हेही डबाच त्याच वायरवरून गाडीला सांगतो. गाडीबरोबर येणाऱ्या १५ अँपिअरच्या पोर्टेबल केबलच्या मध्ये जी वीट लटकते तिच्यातही हेच सगळं असतं, फक्त लहान.

हे सांगायचं कारण असं की डबा गाडीला करंट द्यायच्या आधी अर्थिंग तपासतो, व्होल्टेज तपासतो, लिकेज तपासतो, आणि काही खटकलं की लाल दिवा. आपण म्हणतो चार्जर खराब निघाला. तो बिचारा त्याचं काम चोख करत असतो, आपल्या घराची तक्रार आपल्याकडेच करत असतो.

पायरी १: रोज किती युनिट लागतात ते काढा

ही पायरी सगळे गाळतात आणि सरळ ७.२ किलोवॅटचा चार्जर मागवतात. जरा हिशेब करा. रोजचं रनिंग ४० किलोमीटर धरलं आणि गाडी युनिटला ६-७ किलोमीटर जाते असं धरलं तर बॅटरीत ६-७ युनिट, आणि चार्जिंगमध्ये साधारण दहा टक्के उष्णतेत जातात ते धरून मीटरवर सात-साडेसात. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरून अडीच-तीन किलोवॅट मिळतात, म्हणजे तीन तासांत काम झालं. रात्री दहाला लावली तर एकला संपलं. मग ७.२ कशाला?

रोज १०० किलोमीटरच्या वर फिरणारे, किंवा घरात दोन ईव्ही असणारे, किंवा मोठ्या बॅटरीची गाडी रात्रीतून शून्याजवळून भरायची गरज ज्यांना खरंच पडते, त्यांनी ७.२ घ्यावा. बाकीच्यांनी आधी दोन महिने १५ अँपिअरवर काढून बघा. एक गोष्ट डोक्यात ठेवा, करंट दुप्पट झाला की जोडावरची उष्णता चौपट होते. कमी अँपिअरवर चालणारी सगळी वायरिंग आपोआपच जास्त भरवशाची असते, त्याला वेगळी काही अक्कल लागत नाही.

आणि ११ किलोवॅटचा थ्री फेज चार्जर घेऊ का म्हणून विचारणाऱ्यांनी आधी गाडीचं माहितीपत्रक वाचा. गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ७.२ चा किंवा ३.३ चा असेल तर भिंतीवर २२ चा लावला तरी गाडी तिला झेपतं तेवढंच घेणार.

पायरी २: लाइट बिल काढा आणि मंजूर भार बघा

महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. जुन्या घरात तो बरेचदा इतका कमी असतो की एकट्या गीझरने आणि इस्त्रीने तो ओलांडलेला असतो, आजवर कुणी विचारलं नाही इतकंच. ७.२ किलोवॅट म्हणजे ३१ अँपिअर. त्यात २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअर, दीड टनाचा एसी ७-८ अँपिअर. बेरीज ४७ च्या पुढे गेली, आणि जुन्या सिंगल फेज मीटरवर अंगावरच ५-३० लिहिलेलं असतं. मग सकाळी सहाला गीझर लावला की मेन उडते, सगळं घर अंधारात आणि गाडीही अर्धवट. हा बिघाड नाही, ही साधी बेरीज आहे.

लोड वाढवायचा अर्ज ऑनलाइन होतो, कोटेशन येतं ते भरायचं, लायसनवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागू शकतो. ७.२ चा चार्जर आणि घरात एसी असेल तर थ्री फेज घेतलेलं बरं, आणि घेतल्यावर वायरमनला सांगून गाडी एका फेजवर, गीझर-एसी दुसऱ्यांवर असं वाटून घ्या, नाहीतर तीन फेज घेऊन सगळं एकाच फेजवर टाकलेली घरं मी पाहिलीत.

गाडीसाठी वेगळा मीटरही मिळतो. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल केले त्यात ईव्हीसाठी स्वतंत्र कनेक्शन मागायचा हक्क आला, आणि नवीन कनेक्शनची मुदतही कमी झाली, महानगरात ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दीत ७ आणि ग्रामीण भागात १५. कागदावर तरी. घरच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करायला काही आडकाठी नाही, घरगुती दरच लागतो, पण युनिट वाढले की १००, ३००, ५०० चे टप्पे ओलांडले जातात आणि वरच्या युनिटला दर चढतो. ईव्हीच्या वेगळ्या मीटरला असे टप्पे नाहीत. महिन्याला दीड-दोनशे युनिट गाडी खात असेल तर एकदा कागद-पेन घेऊन बसाच.

पायरी ३: अर्थिंग, अर्थिंग आणि अर्थिंग

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडे निम्मं दुखणं इथेच आहे.

आपला बराचसा महाराष्ट्र काळ्या पाषाणावर बसलाय. दोन फूट माती, खाली मुरूम, त्याच्या खाली खडक. अर्थिंगचा रॉड ओल्या मातीत चांगलं काम करतो आणि कोरड्या मुरमात जवळपास करतच नाही. बिल्डरने घर देताना जो खड्डा केलेला असतो तो पावसाळ्यात केलेला असेल तर टेस्टला पास, आणि तोच खड्डा चैत्र-वैशाखात नापास. टीव्ही, फ्रिज, मिक्सर काही बोलत नाहीत, अर्थिंग नसलं तरी निमूट चालतात, म्हणून वीस-वीस वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. ईव्ही ही घरातली पहिली वस्तू असते जी तोंडावर सांगते की तुमचं अर्थिंग नाही.

काय करायचं? वायरमनकडून तीन मापं घ्या. फेज ते न्यूट्रल जे येईल ते, २३० च्या आसपास. फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ शक्यतो दोन-तीन व्होल्टच्या आत. आणि हे माप रिकाम्या घरात घेऊ नका, गीझर आणि एसी चालू ठेवून घ्या, कारण लोड आला की न्यूट्रल वर सरकतो. अर्थ टेस्टर असलेला माणूस मिळाला तर खड्ड्याचा रेझिस्टन्सही मोजून घ्या, ५ ओहमच्या आत असला की चांगलं म्हणतात.

नवीन खड्डा करायचा तर गाडीसाठी वेगळा करा. जुनी पद्धत कोळसा-मीठ आणि जीआय पाइप, ती चालते पण मीठ पाइप खातं आणि पाणी घालत राहावं लागतं. आता कॉपर बाँडेड रॉड आणि भोवती बेंटोनाइटची पावडर टाकून केमिकल अर्थिंग करतात, ते ओल धरून ठेवतं. खडक लागला आणि रॉड खाली जाईना तर रॉड कापून बसवणारे महाभाग असतात, तिथे स्वतः उभे राहा. एक खोल जात नसेल तर दोन खड्डे थोडे लांब लांब घेऊन ते एकमेकांना जोडता येतात. वरती झाकण आणि पाणी घालायला फनेल ठेवाच. माझ्याकडे आता एसीच्या पाण्याचा पाइप त्या खड्ड्यात सोडलाय, उन्हाळ्यात एसी चालतो तेव्हाच खड्ड्याला पाणी हवं असतं, त्यामुळे ही सोय आपोआप जमून गेली.

आणि एक हात जोडून विनंती. चार्जर अर्थिंगमुळे अडला की काही जण सरळ न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधून देतात, "बघा झालं चालू" म्हणतात आणि पाचशे रुपये घेऊन जातात. बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला तर त्या क्षणी तुमच्या गाडीच्या पत्र्याला फेज येऊ शकतो. गाडी धुवायला ओला हात लावणारं माणूस घरातलंच असतं. असं करणाऱ्याला परत दारात उभं करू नका.

पायरी ४: वायर सलग, तांब्याची, जाड

डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी बसवलेला तो वीजवाटपाचा डबा) चार्जरपर्यंत वेगळी लाइन, मध्ये एकही जोड नाही. पार्किंगमधल्या आधीच्या पॉइंटवरून, मोटारीच्या लाइनवरून किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवरून टॅप मारायचा नाही. इन्व्हर्टरच्या लाइनवर चुकून लागली तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन ओरडायला लागतो आणि गाडीही नाक मुरडते.

१५ अँपिअरच्या पॉइंटला ४ स्क्वेअर एमएमची वायर, हा आकडा म्हणजे तारेची जाडी. २.५ वर चालतं, पण आपल्याला नुसतं चालायला नकोय, आठ तास सलग चालायला हवंय. ३२ अँपिअरला लांबी कमी असेल तर ६ टाकतात, मी १० म्हणेन. का ते सांगतो. डीबीपासून गाडी ४० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ८० मीटर तांबं झालं. ४ ची वायर असेल तर ३० अँपिअरला साधारण ११-१२ व्होल्ट वायरीतच खाल्ले जातात, ६ ला साडेसात-आठ, १० ला साडेचार-पाच. आता तुमच्या गल्लीत संध्याकाळी व्होल्टेज आधीच २०५ वर असेल तर हे १२ व्होल्ट म्हणजे चार्जर चालू की बंद एवढा फरक पडतो.

सोसायटीवाल्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं, कारण मीटर रूम एका कोपऱ्यात आणि तुमचं पार्किंग दुसऱ्या. माझ्या मेव्हण्याचं पुण्यात तसंच झालं, ६८ मीटर वायर लागली, कॉन्ट्रॅक्टरने कोटेशनमध्ये ६ लिहून टाकली ४. बाहेरून कळतच नाही. वायरच्या अंगावर दर मीटरला साइज छापलेली असते, पाइपात ओढायच्या आधी ती वाचा आणि फोटो काढा. सोसायटीत लाइन फ्लॅटमधून खाली आणायच्या भानगडीत पडू नका, मीटर रूममधून थेट पार्किंगला आणा, आणि सेक्रेटरींना लेखी अर्जाबरोबर लाइनचा साधा नकाशा, एमसीबी (जास्त करंट आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की पडणारा स्विच) यांची माहिती आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन जोडून द्या. मेव्हण्याचा पहिला अर्ज "आग लागली तर कोण बघणार" म्हणून तीन मिटिंगा लटकला होता, कागद जोडल्यावर चौथ्या मिटिंगला पास झाला.

पायरी ५: जोड, कारण जळतं ते इथंच

"माझा सॉकेट वितळला पण एमसीबी का नाही पडला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. कारण एमसीबी जास्तीचा करंट ओळखतो आणि इथे करंट जास्त नसतोच. गाडी शिस्तीत १३ अँपिअर घेत असते. फक्त सॉकेटची आतली पत्ती सैल झालेली असते, किंवा मागचा स्क्रू ढिला असतो, आणि तिथे समजा ०.१ ओहम रेझिस्टन्स तयार झाला. १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.१, म्हणजे १७ वॅट. काडेपेटीएवढ्या जागेत १७ वॅट, सलग आठ तास, रोज. तारांना डाग द्यायचं छोटं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, यावरून अंदाज घ्या. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो म्हणून तोच सॉकेट गीझरवर दहा वर्षं टिकतो आणि गाडीवर दहा आठवड्यांत काळा पडतो.

त्यामुळे सॉकेट चांगल्यातला नवीन घ्या, घरातला जुना वापरू नका. प्लग लावताना घट्ट, जोर लावून बसला पाहिजे. सारखा काढ-घाल करू नका, प्लग भिंतीत राहू द्या आणि गाडीकडची गन काढा. विटेचं वजन प्लगवर लटकू देऊ नका, खाली एक हुक किंवा फळी मारा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही, "हेवी ड्यूटी" लिहिलेला असला तरी नाही. निळं इंडस्ट्रियल सॉकेट याहून कितीतरी भक्कम असतं, पण त्यासाठी केबलचा मोल्डेड प्लग कापावा लागतो आणि वॉरंटी गेली, तेव्हा आधी कंपनीला विचारा.

भिंतीवरच्या चार्जरला प्लग नसतो, तिथे टर्मिनलवर वायरी जातात. तारांच्या टोकांना थिंबल (तार दाबून बसवायची धातूची टोपी) मारून घ्या, नुसत्या पिळून खोचलेल्या तारा महिन्याभरात सैल होतात, तापून-थंड होऊन स्क्रू ढिला पडतो. बसवल्यावर महिन्याने एकदा सगळे स्क्रू परत आवळून घ्यायचे, मेन बंद करून, वायरमनकडूनच.

पायरी ६: डीबीत काय काय लागतं

एमसीबी: ३२ अँपिअरच्या चार्जरला ३२ चा एमसीबी लावला तर उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्याच्या डीबीत तो दीड-दोन तासांनी पडतो, आणि लोक चार्जरला शिव्या देतात. ४० चा लावा, आणि ४० चा लावायचा तर वायर १० ची, नाहीतर एमसीबी वायरीला वाचवणार कसा. १५ अँपिअरच्या पॉइंटला २० चा.

आरसीसीबी: ३० मिलीअँपिअरचा, आणि गाडीसाठी स्वतंत्र. हे स्वतंत्र का म्हणाल तर प्रत्येक उपकरण एक-दोन मिलीअँपिअर गळत असतं, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, आणि ३० चा आरसीसीबी नियमाने १५ ते ३० च्या मध्ये कधीही पडू शकतो. सगळं घर एकाच आरसीसीबीवर असेल तर गाडीचं गळणं हे शेवटची काडी ठरतं आणि रात्री दोनला फ्रिजसकट सगळं बंद. प्रकारही बघा. दुकानात न विचारता देतात तो एसी टाइप, गाडीला कमीत कमी ए टाइप हवा. चार्जरच्या माहितीपत्रकात ६ मिलीअँपिअर डीसी प्रोटेक्शन आत आहे असं लिहिलं असेल तर ए टाइप पुरतो, नसेल तर बी टाइप लागतो, तो महाग असतो, म्हणून चार्जर निवडतानाच ही ओळ शोधा.

व्होल्टेज रिले: डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की सिंगल फेज घरातसुद्धा ३५०-४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. हे गावाकडच्यांना सांगायला नको, प्रत्येक आळीत एकदा तरी टीव्ही-फ्रिज गेलेलेच असतात. चार्जर गाडीचा करंट तोडतो पण त्याचं स्वतःचं कार्ड लाइनला लागलेलंच असतं, ते जळतं. आधी एक ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले असेल तर कार्ड वाचतं.

एसपीडी, म्हणजे विजेने लाइनवर येणारा व्होल्टेजचा झटका अर्थिंगमध्ये सोडणारा डबा: वळवाच्या दिवसांत विजा पडतात तिथे टाइप २ एसपीडी लावून घ्या. अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग शून्य, परत पायरी ३.

स्टॅबिलायझर नको. ७ किलोवॅटचा स्टॅबिलायझर म्हणजे आणखी एक बिघडणारा डबा. व्होल्टेज रोजच कमी असेल तर महावितरणला अर्ज करून डीपीचा टॅप (व्होल्टेज वर-खाली करायची जोडणी) बदलून मागा, चार शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या तर लवकर होतं. तोवर चार्जरमध्ये किंवा गाडीत करंट कमी करायचं सेटिंग असतं, ३२ चे २० किंवा १६ करा. हळू भरेल पण अडणार नाही.

पायरी ७: जागा

पाऊस आडवा येतो हे लक्षात ठेवून जागा निवडा. उघड्यावर असेल तर धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग निदान आयपी ५४, ६५ असेल तर उत्तम, पण रेटिंग डब्याचं असतं, केबल आत जाते त्या भोकाचं नसतं. तिथे ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) नीट आवळलेला हवा आणि केबल खालून वर जायला हवी, वरून खाली आली तर पाणी केबल धरूनच आत उतरतं. पश्चिमेच्या उन्हात लावू नका, आतलं कार्ड तापलं की चार्जर आपणच करंट कमी करतो. उरलेली भोकं सिलिकॉनने बुजवा, डीबीत पाल शिरून शॉर्ट होणं हा विनोद नाही. उंदीर असतील तर वायर जीआय पाइपातून न्या.

पायरी ८: अ‍ॅपवर विसंबू नका

चार्जर विकत घेताना एकच प्रश्न विचारा: वायफाय नसताना, अ‍ॅप नसताना, नुसती गन लावली की चार्जिंग सुरू होतं का? "हो, प्लग लावला की सुरू होतं" असं उत्तर आलं तरच पुढे बोला. बेसमेंटमध्ये रेंज नसते, राउटर बदलला की पासवर्ड बदलतो, आणि कंपन्याही बंद पडतात. एनेल एक्स वे या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिका-कॅनडातला धंदा गुंडाळला तेव्हा ज्यूसबॉक्स चार्जर घरी असलेल्या लोकांना सांगण्यात आलं की चार्जर चालत राहतील, अ‍ॅप मात्र जाणार. ज्यांचं टायमिंग, हिशेब सगळं अ‍ॅपवर होतं त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आली. रात्री अमुक वाजता सुरू कर हे टायमिंग शक्यतो गाडीतच सेट करा, आणि टायमिंग एकाच ठिकाणी ठेवा, गाडीत दहाचं आणि चार्जरमध्ये अकराचं ठेवलं की दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि सकाळी आपण.

पायरी ९: पहिल्या रात्री झोपायच्या आधी

बसवणारा माणूस जायच्या आधी त्याच्या समोर हे करून घ्या. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, पडला पाहिजे. गाडी चार्जिंगला असताना मेन बंद करा, मिनिटभराने चालू करा, आणि काही न करता चार्जिंग आपोआप परत सुरू होतं का बघा. आपल्याकडे रात्री दोन मिनिटं लाइट जाणं हे रोजचं, आणि काही चार्जर त्यानंतर कुणीतरी अ‍ॅपवर हो म्हणेपर्यंत गप्प बसतात. घरावर ऑन-ग्रिड सोलर असेल तरी लाइट गेल्यावर सोलरही बंद होतं, त्याच्यावर गाडी चालू राहील असं समजू नका.

मग गाडी तासभर पूर्ण करंटवर चालू द्या आणि प्लग, सॉकेट, एमसीबी, डीबीचं झाकण, चार्जरची खालची बाजू यांना बाहेरून उलटा हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेवता येत नसेल, किंवा तळलेल्या मासळीसारखा वास आला, तर तिथेच बंद. तो वास प्लॅस्टिक तापल्याचा असतो, ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. पहिला आठवडा रोज, नंतर महिन्यातून एकदा.

लाल दिवा आलाच तर

फोन करायच्या आधी याच क्रमाने बघा. गन काढून पाच मिनिटं थांबा, चार्जरचा एमसीबी पाडून परत चढवा. पावसाळा असेल तर गनच्या तोंडात पाणी किंवा चिखल आहे का, गाडीच्या पोर्टमध्ये मुंग्या आहेत का. घरातला दिवा मंद वाटतोय का, म्हणजे व्होल्टेज. मग दुसऱ्या ठिकाणी, मित्राकडे किंवा पब्लिक एसी चार्जरवर, तीच गाडी लावून बघा, तिथे चालली तर गाडी निर्दोष. मग १५ अँपिअरची पोर्टेबल केबल घरच्याच पॉइंटवर लावा, तीही अडली तर अर्थिंग किंवा लाइन, ती चालली तर मात्र भिंतीवरचा डबा. हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात आणि कस्टमर केअरला "लाइनमध्ये प्रॉब्लेम असेल" म्हणायला जागा उरत नाही.

म्हणूनच ती पोर्टेबल केबल विकू नका, आणि तिच्यासाठी वेगळ्या एमसीबीवरचा एक १५ अँपिअरचा पॉइंट भिंतीवरच्या चार्जरशेजारीच काढून ठेवा. डबा दुरुस्तीला गेला तर दहा दिवस तिच्यावर निघतात. माझा गेला होता तेव्हा बारा निघाले.

डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा: वायरची साइज, बसवल्याची तारीख, न्यूट्रल-अर्थचं माप, वायरमनचा नंबर. आमच्याकडे त्याच्याखाली पेन्सिलीने बायकोने लिहिलंय, "पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत दर रविवारी खड्ड्यात दोन बादल्या." एसीचं पाणी सोडल्यापासून मी ते खोडायला निघालो होतो, तर म्हणाली राहू दे, एसी बिघडला तर?